स्टेशन जुनं करताना

(१९७६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या टेबलावर काचेच्या पेटीत जे ठेवलंय, ते सकाळपासून सगळे वाकून बघताहेत. दोघांनी तर विचारलं, ‘किल्ला केलास का रे?’ किल्ला नाही, ते आपलं स्टेशन आहे. बार्शी लाइटचं.

आधी माप सांगतो, म्हणजे उगाच शंका नकोत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी वाढली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. छंदवाल्यांचं एक ठरलेलं माप आहे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्या मापात अडीच फुटांचे होतात पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात तयार रूळ मिळतात ते नऊचे. पाव मिलिमीटरची लबाडी केली आहे, गणिताच्या बाईंनी पोटात घालावी. या मापात आपण सगळे जेमतेम दोन-दोन सेंटिमीटरचे.

बांधायला तीन आठवडे लागले. माउंटबोर्डच्या भिंती, त्यावर बोथट सुईनं कोरलेल्या दगडांच्या सांधी, वर कौलं. ते हाताला सवय झाली की जमतं. जुनं करायला मात्र सहा महिने गेले.

पहिल्या खेपेला मी हौसेनं सगळीकडे रंग पाजला. काळा-तपकिरी ॲक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे रंग सांधींमध्ये बरोबर उतरतो. वरून पेस्टल खडूची पूड ब्रशनं चोळायची. झालं जुनं! फोटो आपल्या चित्रकलेच्या सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन आला, “अरे, हे बंद पडून वीस वर्षं झालेलं स्टेशन दिसतंय. इथं गाडी येते ना?”

शाळेत असताना सरांनी माझं चित्र फाडलं नव्हतं, पण त्या दिवशी फाडल्यासारखं वाटलं.

मग ठरवलं, कारण ठाऊक असल्याशिवाय एकही डाग द्यायचा नाही. पागोळ्या पडून भिंतीच्या बुडाशी चिखल उडतो, फार तर दीड फूट. तो पट्टा इथं पाच मिलिमीटरचा, त्याच्या वर नाही. पाण्याच्या टाकीखालचे ओघळ पांढरे, कारण आपलं पाणी जड. धुराची काजळी फक्त जिथं इंजिन उभं राहायचं तिथल्या पत्र्याला. खांबाच्या बुडाशी लाल ठिपके आहेत, त्याचं कारण तुम्हाला सांगायला नको. आणि वापरातली जागा नुसती मळत नाही, ती घासून चकचकीतही होते, हे मला फार उशिरा सुचलं. तिकिटाच्या खिडकीचा गज आपण सगळ्यांनी धरलेला. तो मऊ पेन्सिलीनं घासला, तेव्हा कुठे लोखंड दिसायला लागलं.

पुढची बाजू अशी झाली. मागची बाजू मला माहीतच नव्हती.

स्टेशनच्या पाठीला दोन खोल्या होत्या. तिथं सांधेवाल्याचं बिऱ्हाड. त्यांचा मुलगा आपल्याच वर्गात. तो रोज आपल्याबरोबर शाळेत यायचा, पण त्याच्या घरी आपल्यापैकी कोण गेलं होतं? मी नाही. रूळ रुंद केले तेव्हा त्या खोल्याही पडल्या. माझ्याकडे एकच फोटो, तोही पुढून काढलेला. शेवटी पत्ता शोधून त्याच्याकडे गेलो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई त्या भिंतीला गोवऱ्या थापायची. निघाल्या की गोल डाग राहायचे.” एवढंच. घरी येऊन मी अडीच-अडीच मिलिमीटरचे डाग केले, चार ओळी. खिडकीवर चुलीची काजळी दिली. महिन्याभरानं पेटी घेऊन पुन्हा गेलो. त्यानं चष्मा लावला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “वरची ओळ काढ. आईचा हात तिथवर पोचायचा नाही.”

ती ओळ मी काढली आहे. बारकाईनं बघाल तर तिथं चुन्याचा रंग किंचित ताजा दिसेल. तो माझा दोष आहे, पण तो तसाच ठेवलाय. तो मित्र आज आला आहे. नाव घेत नाही, घेतलं तर उठून जाईल. जेवताना त्याच्या शेजारी बसा.

आता एक काम उरलंय, ते तुमचं आहे. गाडी सुटली की वाजायची ती रुळाच्या तुकड्याची घंटा. मी सात जणांना विचारलं. चौघं म्हणतात व्हरांड्यात टांगलेली होती, तिघं म्हणतात बाहेर लिंबाच्या फांदीला. मित्राला विचारलं, तर तो हसून म्हणाला, “त्यांनाच ठरवू दे.” घंटा पाच मिलिमीटरची आहे, या काडेपेटीत. डिंकाची बाटलीही आणली आहे. जेवणाची पंगत बसायच्या आधी टेबलापाशी या आणि भांडून काय ते एक सांगा.