तांब्याचा गुंड आणि खारपाणपट्टा

वऱ्हाडात पाणी भरण्याच्या धातूच्या घागरीला ‘गुंड’ म्हणतात आणि बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या घरांत तांब्यापितळेचे गुंड घडवंचीवर, म्हणजे पाण्याची भांडी ठेवण्याच्या लाकडी चौकटीवर, मांडलेले असत. लेकीच्या आंदणात आलेल्या गुंडाच्या गळ्याशी टोच्याने ठिपके पाडून कोरलेले देणाऱ्याचे नाव आणि गाव, भांड्याला पोचे पडले तरी, स्पष्ट वाचता येते. तांबे मऊ असते. तांबट पत्रा मठारतो, म्हणजे त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देतो, तेव्हा तो कडक होतो आणि अंगावर गोल खळगे उठतात. ताकासारखा आंबट पदार्थ तांब्यात कळकतो, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाची कलई करतात. पाण्याचा गुंड मात्र बिनकलईचा ठेवून चिंचेने घासतात आणि त्याचा गुण त्या उघड्या तांब्यातच असतो.

तांब्याचे अतिसूक्ष्म अंश पाण्यात उतरून जिवाणूंचा नाश करतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात अतिसाराचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवले असता ते जंतू आढळेनासे झाले आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे 2 मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत राहिले. रात्री भरलेला गुंड सकाळी प्यायला घेण्याची रीत म्हणूनच आदरास पात्र आहे.

परंतु बुलढाणा जिल्ह्यातच पूर्णा नदीच्या खोऱ्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत खारपाणपट्टा आहे, म्हणजे भूगर्भातील पाण्यात क्षार फार असलेला प्रदेश, आणि तेथे तांब्याचा गुण अपुरा पडतो. विरघळलेले क्षार तांबे काढू शकत नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात असे क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. तांब्यात ठेवलेले कोणतेही पाणी आरोग्यदायी होते, ही समजूत येथे घातक आहे. खारपाणपट्ट्यातील कुटुंबांनी आजीचा गुंड अवश्य वापरावा. मात्र त्यात विहिरीचे वा बोअरचे पाणी भरण्याआधी ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.