दिवाणी दाव्यात न दिलेले म्हणणे



देगलूरच्या दिवाणी न्यायालयात तारखेच्या दिवशी मागच्या बाकावर एखादा शेतकरी बसलेला आढळतो. त्याने वकील दिलेला नसतो. पुकारा होताच तो उभा राहतो, हात जोडतो, पुढील तारीख विचारतो आणि एस.टी. गाठतो. आपण प्रत्येक तारखेस हजर आहोत, तेव्हा आपल्याविरुद्ध काही होणार नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

स्वतःचा दावा स्वतः चालविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 ने प्रत्येक पक्षकारास दिलेला आहे. मात्र वकील नाही म्हणून नियम सैल होत नाहीत. दिवाणी न्यायालय लेखी मजकुरावर चालते. नुसत्या हजेरीने कोणत्याही आरोपास उत्तर मिळत नाही.

वादी दाव्यासोबत बहुधा तात्पुरत्या मनाईहुकुमाचा अर्ज देतो. न्यायालयाच्या बोलीत त्यास ‘निशाणी 5’ म्हणतात. प्रतिवादीने वादग्रस्त जमिनीत शिरू नये, नांगर घालू नये, अशी त्यात मागणी असते. न्यायालय त्यावर दुसऱ्या पक्षाने म्हणणे द्यावे असा आदेश करते. म्हणणे आले नाही, तर अर्ज विनाम्हणणे निकाली निघतो. विरोध नाही एवढ्यावरून अर्ज आपोआप मंजूर होत नाही, हे खरे. प्रथमदर्शनी हक्क कोणाचा, अधिक गैरसोय कोणाची, भरून न येणारी हानी कोणाची, हे न्यायालयास तपासावेच लागते. परंतु त्या तपासणीसाठी समोर फक्त वादीचे शपथपत्र असते. प्रतिवादीच्या घरातील ट्रंकेत सात-बाराचा उतारा आणि निजामी राजवटीतील उर्दू कागद असतील. न्यायालयाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. मनाईहुकूम झाल्यावर ऐन पेरणीत तो मोडला, तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पेरणी काही तारखेसाठी थांबत नाही!

लेखी कैफियतीचेही तसेच. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत ती दाखल व्हावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते, आणि त्यानंतर केवळ अपवादात्मक कारणासाठीच सवलत मिळते. वादपत्रातील जे विधान नाकारले जात नाही ते मान्य केले असे धरता येते. सर्वोच्च न्यायालयाने बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदन या 1999 च्या निर्णयात बजावले की, कैफियत नाही म्हणून न्यायाधीशाने डोळे मिटून हुकूमनामा देऊ नये. ही सावधगिरी न्यायाधीशासाठी आहे; प्रतिवादीने तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे.

समन्स घेतलेच नाही तर दावा चालत नाही, ही आणखी एक घातक समजूत. समन्स नाकारल्यास बेलिफ ते दारावर चिकटवतो, आणि बजावणी झाली असे न्यायालय धरू शकते. मग दावा एकतर्फा चालतो. तरीही दार लगेच बंद होत नाही. संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा या 1955 च्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्पष्ट केले की, प्रक्रियेचे नियम पक्षकारास शिक्षा करण्यासाठी नाहीत. एका तारखेस गैरहजर राहिलेला प्रतिवादी पुढील टप्प्यापासून सहभागी होऊ शकतो. हे बोस पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. एकतर्फा हुकूमनामा झाल्यास तो रद्द करण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करता येतो. समन्सची रीतसर बजावणी झालीच नसेल, तर ही मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण समन्स योग्य रीतीने बजावले नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, हे सिद्ध करावे लागते. ‘कायदा ठाऊक नव्हता’ एवढे कारण सहसा पुरत नाही. हुकूमनामा कायम झाला की त्याच वादावर पुन्हा दावा आणता येत नाही आणि बजावणीची दरखास्त 12 वर्षांपर्यंत दाखल होऊ शकते. कित्येकांना निकालाची पहिली वार्ता तलाठ्याकडील फेरफाराच्या नोटिशीतून कळते.

देगलूरसारख्या सीमेवरील तालुक्यात भाषेची अडचण वेगळीच आहे. घरात तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलणाऱ्यास मराठी वादपत्र वाचून घ्यावे लागते. 1998 च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली; परंतु मदनूरच्या बाजूस जमीन असेल तर दावा तेलंगणातील न्यायालयात चालतो आणि समन्सची भाषाही बदलते. अशा वेळी गावातील शिक्षकाने कागदावरील तारीख, न्यायालय आणि मागणी एवढे वाचून सांगितले तरी मोठे काम होते. ग्रामपंचायतीवर दावा आल्यास कागद कार्यालयातील फाइलीत लावून पुढील मासिक सभेची वाट पाहण्याचा प्रघात मोडला पाहिजे; गावच्या रस्त्यावरील किंवा गायरानावरील मनाईहुकूम सभेच्या तारखेसाठी थांबत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलात आला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना विहित उत्पन्नमर्यादेत, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. मात्र हा अर्ज केल्याने कैफियतीचे 30 दिवस थांबत नाहीत. म्हणून वकील नेमला जाईपर्यंत पक्षकाराने स्वतः तारखेस जाऊन मुदतीचा अर्ज लेखी द्यावा, समितीकडील अर्जाची पोच त्यास जोडावी आणि आपल्या प्रतीवर न्यायालयाचा दाखल शिक्का घ्यावा.