मुखवट्याचा पहिला तास
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाने आज्ञा केली. मी एकच गोष्ट सांगणार आहे.

विडीने वा चुलीच्या धुराने फुप्फुसे झिजलेल्या वृद्धास अकस्मात धाप लागते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्त आम्ल होते. अशा वेळी नाकातोंडावर घट्ट मुखवटा बसवून यंत्राने दाबाखाली हवा देतात; घशात नळी घालावी लागत नाही. ब्रोशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या नेहमीच्या उपचारांवर शेकडा ७४ रुग्णांस नळी लागली, मुखवट्यावर २६ जणांस. मृत्यूचे प्रमाणही शेकडा २९ वरून ९ वर आले.

परंतु ते सव्वीस कोण, हे वेळीच कसे ओळखावे? मुखवटा लावण्यापूर्वी थोडा अंदाज येतो. खरी साक्ष मिळते ती तासा-दोन तासांनी. श्वासाची गती उतरली काय? रक्ताचा पीएच ७.२५ च्या खालीच अडकला आहे, की ७.३५ कडे सरकतो आहे? रुग्ण हाकेला ओ देतो, की गुंगीत जातो? न्यूमोनियासारख्या, प्राणवायू खालावणाऱ्या रोगांत मुखवट्याचे यश याहून कमी. त्यांच्यासाठी चिनी संशोधकांनी २०१७ साली 'हॅकॉर' हे गणित मांडले. नाडी, आम्लता, शुद्ध, प्राणवायू व श्वासगती यांना गुण द्यावयाचे. तासाभराने बेरीज पाचाहून अधिक भरली, तर मुखवटा अपुरा पडण्याचा संभव मोठा. मी मात्र बेरजेआधी रुग्णाच्या मानेचे स्नायू पाहतो. ते ताणलेलेच असतील, तर तो दमत चालला आहे.

माझे चुलते न्यूमोनियाने आजारी पडले, तेव्हा दोन तासांनंतरही त्यांचा श्वास मिनिटाला चाळिसाखाली येईना. डॉक्टर नळीसाठी संमती मागत होते. घरच्या मंडळींनी, आणि डॉक्टर असूनही मी, "सकाळपर्यंत पाहू" म्हटले. पहाटे नळी घातली, ती धावपळीत. चुलते घरी आले नाहीत. वेळेवर घातली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही; पण अशा दिरंगाईने धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसले आहे, आणि मला ते ठाऊक होते.

म्हणून मुखवटा लावतानाच डॉक्टरांस विचारावे : पुन्हा केव्हा तपासणार, आणि उतार न पडल्यास पुढे काय? काही वृद्धांस नळी नकोच असते. तो अधिकार त्यांचा. मात्र ते शुद्धीवर असताना विचारले पाहिजे. माझ्या चुलत्यांना आम्ही कोणीच विचारले नव्हते.