चिरेआधीचा एक डोस

सिझेरियनच्या चिरेआधी द्यायचा अँटिबायोटिकचा डोस हा आजचा विषय बराचसा ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, सिस्टरांच्याच हाती आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले, महाराष्ट्रात 25.4 टक्के. नैसर्गिक प्रसूतीपेक्षा सिझेरियननंतर जंतुसंसर्गाचा धोका पाच ते वीस पट असतो. टाक्यांत पू होतो, गर्भाशयाच्या अस्तराला सूज येते, ताप हटत नाही. बाळंतीण पुन्हा रुग्णालयात आणि तान्हे बाळ घरी आजीजवळ, असे घडते.

हा संसर्ग टाळण्यासाठीचे अँटिबायोटिक अनेक वर्षे नाळ कापल्यावर दिले जाई. आधी दिले तर औषध बाळापर्यंत पोहोचेल, बाळाचा संसर्ग झाकला जाईल, अशी भीती होती. ती बाळाच्या काळजीपोटीच होती. पण नाळ कापेपर्यंत त्वचेपासून गर्भाशयापर्यंत सगळे उघडलेले असते आणि जंतूंना वाट मिळालेली असते. पुढे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. चिरेआधी औषध मिळालेल्या मातांमध्ये संसर्ग सुमारे 43 टक्क्यांनी कमी आढळले आणि बाळांना अपाय वाढल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आता चिरेआधीच डोस द्यायला सांगते.

औषध साधे, जुने आणि स्वस्त: बहुतेकींना सेफाझोलिन 2 ग्रॅम, शिरेतून, चीर देण्याआधीच्या तासाभरात. पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर दुसरे.

कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर सिझेरियन झाले तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतील 14 रुग्णालयांत अशा 2,013 स्त्रियांवर झालेली चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधाच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिल्यावर संसर्गाचे प्रमाण 12 वरून 6.1 टक्क्यांवर आले.

चिरेआधीचा डोस दिल्यावरही अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर अँटिबायोटिकचा पाच-सात दिवसांचा कोर्स लिहिला जातो. संसर्ग नसताना हे लांबवणे चुकीचे आहे. त्याने बाळंतिणीचे रक्षण वाढत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

डोस चिरेआधीच्या तासाभरात दिला गेला का, हे कळावे म्हणून सर्वांना विनंती आहे: परत गेल्यावर आपापल्या ओटी रजिस्टरमध्ये दोन वेळा शेजारीशेजारी लिहायला सुरुवात करा, एक इंजेक्शनची आणि दुसरी चिरेची.