अप्टन सिंक्लेअर कसा पडला



निकाल लागला की जिंकलेल्यावर गुलाल उधळतात आणि पडलेल्याच्या दाराकडे दुसऱ्या दिवशी कार्यकर्तेसुद्धा फिरकत नाहीत. पडलेला उमेदवार मग काय करतो? कुणी पक्ष बदलतो, कुणी पैशाच्या खेळाला बोल लावतो, कुणी मतदारांना. अमेरिकेत १९३४ साली पडलेल्या एका उमेदवारानं मात्र टेबलाशी बसून आपण कसे हरलो याचं पुस्तक लिहून काढलं आणि ते वर्तमानपत्रांतून क्रमशः छापूनही आणलं. याच गृहस्थानं निवडणुकीला उभं राहण्याआधी आणखी एक पुस्तक लिहिलं होतं. मी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झालो आणि गरिबी कशी संपवली, हा त्याचा विषय. दोन्ही पुस्तकं एकाच माणसाची, आणि मध्ये जेमतेम दीड-दोन वर्षं गेलेली.

या माणसाचं नाव अप्टन सिंक्लेअर. 'द जंगल' ही त्याची कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल तीत होते. सिंक्लेअरला वाटलं होतं, लोक वाचतील आणि मजुरांसाठी हळहळतील. वाचकांना काळजी पडली ती स्वतःच्या ताटातल्या मांसाची! त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं अन्न आणि मांस तपासणीचे कायदे केले. मजूर होते तिथंच राहिले. आपला नेम चुकला, काळजाऐवजी पोटाला लागला, अशा अर्थाचं सिंक्लेअर पुढे म्हणत असे. निवडणुकांतही त्याचा नेम असाच भलतीकडे लागत गेला.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो कॅलिफोर्नियात पासाडेना इथं राहायला आला. माणूस समाजवादी, आणि नुसता घरात बसून लिहिणारा नव्हे. १९२३ साली सॅन पेड्रो बंदरात गोदी कामगारांचा संप चालू असताना त्यानं लिबर्टी हिल नावाच्या टेकाडावर उभं राहून अमेरिकेची राज्यघटना वाचायला सुरुवात केली आणि पोलिसांनी त्याला अटक केली. घटना वाचल्याबद्दल अटक!

आता निवडणुका. १९२२ साली तो समाजवादी पक्षातर्फे सिनेटसाठी उभा राहिला आणि पडला. १९२६ साली गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, ४६ हजारांच्या आसपास मतं मिळाली. १९३० साली पुन्हा गव्हर्नरपदासाठी, मतं ५० हजारांच्या आसपास. इथं एक खुलासा करायला हवा. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राजभवनातले राज्यपाल नव्हेत. राज्याचा कारभार तोच हाकतो आणि त्याला सगळ्या राज्याचे मतदार थेट निवडून देतात. म्हणजे एखाद्या मतदारसंघात बांधणी करून भागत नाही. महाराष्ट्राहून एक तृतीयांशानं मोठा असलेला तो मुलूख पिंजून काढावा लागतो. समाजवादी पक्षाकडे त्यासाठी ना माणसं होती ना पैसा. आपल्याकडच्या नियमानं मोजलं तर प्रत्येक वेळी डिपॉझिट जप्त. पण या पराभवांचा कुणाला राग नव्हता, आनंदही नव्हता. वर्तमानपत्रांनी त्याची टिंगल करण्याचे कष्टही फारसे घेतले नाहीत.

मग मंदी आली. कारखान्यांना कुलुपं लागली, आणि भाव मिळत नाही म्हणून फळं बागेतच सडू लागली. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे बंद यंत्रं, तिसरीकडे उपाशी पोटं. १९३३ साली सँटा मोनिकातल्या काही डेमोक्रॅट मंडळींनी सिंक्लेअरला गळ घातली, की आमच्या पक्षातून उभे राहा. पत्नी मेरी क्रेग यांना हे मुळीच पसंत नव्हतं. समाजवादी मित्र चिडले, त्यांच्या लेखी ही फितुरीच. सिंक्लेअरनं तरीही डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवलं.

आणि पहिल्यांदा काय केलं? पुस्तिका लिहिली! भविष्यकाळातल्या इतिहासासारखी. त्यात तो निवडून आला आहे, योजना राबवल्या आहेत, आणि शेवटी सगळ्या कॅलिफोर्नियात शोधूनही एकच गरीब माणूस सापडतो, तोही गुहेत राहणारा बैरागी. काम फत्ते झाल्यावर गव्हर्नरसाहेब राजीनामा देतात आणि कादंबरी लिहायला घरी जातात. जाहीरनामे मी पुष्कळ वाचलेत, पण निवडून आल्यावर घरी परत जाण्याचं आश्वासन देणारा हा एकच.

योजनेचं नाव 'एंड पॉव्हर्टी इन कॅलिफोर्निया'. आद्याक्षरं जोडून लोक तिला 'एपिक' म्हणत. बंद पडलेले कारखाने आणि ओस पडलेली शेतं राज्यानं ताब्यात घ्यावीत, बेकारांनी तिथं आपल्या गरजेपुरतं पिकवावं, बनवावं आणि आपसांत देवघेव करावी. साठ वर्षांवरच्या गरजू माणसाला महिना ५० डॉलर पेन्शन, अपंगांना आणि मुलं पदरात असलेल्या विधवांनाही तेवढीच. विक्रीकर रद्द करून बड्या उत्पन्नावर चढता कर. शिवाय आणखी एक वचन होतं. १९१६ च्या सॅन फ्रान्सिस्को बॉम्बस्फोटात खोट्या साक्षींवर जन्मठेपेत डांबलेला कामगार पुढारी टॉम मूनी याची सुटका.

अर्थशास्त्र म्हणून ही योजना कितपत टिकली असती, याबद्दल मला शंका आहे. बाजारापासून तोडलेली बेकारांची एक वेगळी अर्थव्यवस्था, आणि तिला लागणारं भांडवल राज्याच्या तिजोरीतून, हे गणित कागदावरही जरा ओढूनताणून जमवलेलं दिसतं. पण लोक हिशेब तपासायला आले नव्हते. तुमचे हात निकामी नाहीत, असं त्यांना त्या वर्षांत प्रथमच कुणीतरी सांगत होतं. बघता बघता 'एपिक'चे दोन हजारांच्या घरात क्लब उभे राहिले. चळवळीचं साप्ताहिक निघालं. पुस्तिका आणि साप्ताहिक विकून, सभेला येणाऱ्यांकडून चिल्लर गोळा करून प्रचार चालला. उमेदवार पैसे वाटत नाही, उलट आपणच त्याची पुस्तिका विकत घ्यायची, हा प्रकार आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना सांगून पटायचा नाही.

२८ ऑगस्ट १९३४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक झाली. सिंक्लेअरला ४ लाख ३६ हजार मतं पडली. बाकीच्या सगळ्या इच्छुकांच्या मतांची बेरीज त्याहून कमी भरली. ज्याला आयुष्यभर ५० हजारांचा आकडा ओलांडताना धाप लागली, तो आता एका मोठ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार होता.

आणि मग श्रीमंत कॅलिफोर्निया जागा झाला.

विरोधात रिपब्लिकन पक्षाचे फ्रँक मेरियम होते. आधीचे गव्हर्नर रॉल्फ जून महिन्यात वारले म्हणून ते त्या खुर्चीत आले होते. माणूस वयस्क आणि रुक्ष. त्यांच्या पक्षातल्यांनाही त्यांच्याबद्दल फारसा उत्साह नव्हता. तेव्हा ठरलं असं, की मेरियमच्या बाजूनं बोलायचंच नाही, बोलायचं ते फक्त सिंक्लेअरच्या विरोधात. क्लेम व्हिटकर आणि लिओन बॅक्स्टर या दोघांनी वर्षभरापूर्वीच 'कॅम्पेन्स इनकॉर्पोरेटेड' नावाची कंपनी काढली होती. दुसऱ्याचा निवडणूक प्रचार करून देणं हाच धंदा असलेली ही पहिली कंपनी मानतात. ही दोघं सिंक्लेअरची पुस्तकं घेऊन तीन दिवस खोलीत बसली आणि वाक्यांवर खुणा करत गेली.

श्रोतेहो, या माणसानं तोवर चर्चवर पुस्तक लिहिलं होतं, वर्तमानपत्रांवर लिहिलं होतं, विद्यापीठांवर आणि शाळांवर लिहिलं होतं, तेलसम्राटांवर कादंबरी लिहिली होती, आणि नुकतंच सिनेमाच्या धंद्यातल्या उलाढालींवरही लिहून झालं होतं. न दुखावलेला असा कोण उरला होता? निवडणूक लढवायची असेल तर माणसानं गप्प राहण्याची सवय तरी ठेवावी. सिंक्लेअरनं तीस वर्षं सगळं छापून ठेवलं होतं.

'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या पहिल्या पानावर रोज एक चौकट येऊ लागली. चौकटीत सिंक्लेअरचं एक वाक्य. सहा आठवडे, मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत. विवाहाच्या पावित्र्यावर आपला आता विश्वास उरला नाही, अशा अर्थाचं एक वाक्य फार गाजलं. ते होतं त्याच्या 'लव्ह्ज पिलग्रिमेज' या कादंबरीतलं. बायकोचं दुसऱ्याशी प्रेम जडलेला एक दुखावलेला नवरा पत्रात ते लिहितो. पात्राचं वाक्य लेखकाच्या तोंडी घातलं, मागचंपुढचं कापलं आणि चौकट आखली. खोटं काहीच छापलेलं नाही, कारण वाक्य पुस्तकात आहेच. खुलासा करायचा तर आधी सगळी कादंबरी समजावून सांगावी लागणार, आणि तोवर उद्याची चौकट तयार. त्या चौकटी रोज वाचून वाचून आपण हरणार हे आपल्याला कळून चुकलं, असं सिंक्लेअरनंच लिहून ठेवलं आहे. तो पुस्तकं लिहिणारा होता म्हणूनच पडला, अशी कबुली व्हिटकरनंही पुढे दिली.

चौकटींच्या जोडीला सिनेमा होता. २०२० साली आलेला 'मँक' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा भाग आठवेल. एमजीएम स्टुडिओनं बातमीपट काढले आणि चित्रपटगृहांत मुख्य खेळाबरोबर फुकट दाखवले. रस्त्यावरच्या मतदाराला विचारायचं, मत कुणाला? नीटनेटकी, कोट-टोपीतली माणसं, साध्याभोळ्या म्हाताऱ्या, या सगळ्या मेरियमच्या. दाढी वाढलेला, तुटक परदेशी उच्चारात बोलणारा आणि रशियात चाललं तर इथं का चालणार नाही म्हणणारा, तो सिंक्लेअरचा. स्टुडिओच्या नोकरांकडून मेरियमच्या निधीसाठी एक दिवसाचा पगार वर्गणी म्हणून घेतला गेला. सिंक्लेअर आला तर देशभरचे भणंग इथं लोटतील हे दाखवायला लॉस एंजेलिसच्या एका दैनिकानं आगगाडीतून येणाऱ्या भटक्यांचं छायाचित्र छापलं. ते 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' या चित्रपटातलं दृश्य निघालं!

या भीतीला खतपाणी मात्र सिंक्लेअरनंच घातलं होतं. आपण निवडून आलो तर देशातले निम्मे बेकार इकडे येतील, असं तो पत्रकारांसमोर हसत हसत बोलून गेला होता. विनोद तिथंच राहिला, वाक्य मोठ्या फलकांवर चढलं. लेखकाला आपल्या वाक्याचा मोह सुटत नाही, राजकारण्याला तो सोडावा लागतो. या जागी मी तरी सिंक्लेअरची बाजू घेणार नाही.

आणि दिल्लीश्वर? म्हणजे वॉशिंग्टनचे. अध्यक्ष रूझवेल्ट सप्टेंबरात सिंक्लेअरला हाइड पार्कच्या घरी भेटले, छान गप्पा झाल्या. ऑक्टोबरमधल्या रेडिओ भाषणात अध्यक्ष आपल्या कल्पनेला पाठिंबा देतील, असा समज करून घेऊन सिंक्लेअर परतला. भाषण झालं, त्यात त्याविषयी अवाक्षर नव्हतं. पाठिंबा शेवटपर्यंत आलाच नाही. वरिष्ठांचं गोड हसणं हे तिकीटही नसतं आणि पाठिंबाही नसतो, हे आपल्याकडचा जिल्हा पातळीवरचा कार्यकर्तासुद्धा जाणतो. सिंक्लेअरला ते उमगलं नाही.

६ नोव्हेंबरला मतदान झालं. मेरियम ११ लाख ३८ हजार, सिंक्लेअर ८ लाख ७९ हजार, आणि तिसरे उमेदवार रेमंड हेट ३ लाख २ हजार. सिंक्लेअर आणि हेट यांची बेरीज मेरियमपेक्षा जास्त भरते, म्हणून मतविभागणीनं घात केला असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. हेटकडे गेलेल्यांत मेरियम नको पण सिंक्लेअरचीही धास्ती वाटते असे लोक पुष्कळ होते. हेट नसते तर ती सगळी मतं सिंक्लेअरच्या पारड्यात पडली असती, असं मानायला आधार नाही.

सिंक्लेअर घरी गेला आणि पराभवाचं पुस्तक लिहायला बसला. पुढे १९४३ साली त्याला कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि १९६८ साली नव्वदी गाठून तो वारला. व्हिटकर आणि बॅक्स्टर यांचा धंदा मात्र जोरात चालला. आरोग्यविम्याची योजना आधी कॅलिफोर्नियात आणि मग अध्यक्ष ट्रुमन यांनी देशपातळीवर मांडली, तेव्हा ती पाडायला डॉक्टरांच्या संघटनांनी यांनाच नेमलं. दोन्ही वेळा योजना पडली.

पण १९३४ च्या त्या लाटेत 'एपिक'च्या पाठिंब्यावर दोन डझनांच्या आसपास माणसं राज्याच्या विधिमंडळात निवडून गेली होती. त्यांत कल्बर्ट ऑल्सन नावाचे वकील होते. सिंक्लेअरच्या प्रचारात राबलेले. १९३८ साली त्यांनी मेरियम यांना हरवलं आणि एकोणिसावं शतक संपल्यानंतरचे ते कॅलिफोर्नियाचे पहिले डेमोक्रॅट गव्हर्नर झाले. सूत्रं हाती घेतल्यावर काही दिवसांतच, ७ जानेवारी १९३९ रोजी, त्यांनी टॉम मूनीला माफी देऊन तुरुंगातून सोडलं.