अवजारांची पेटी कुणाच्या नावावर?

(ब्रह्मपुरी येथे कूलर, फ्रीज व एसी दुरुस्ती शिकणाऱ्या मुली आणि बचतगटांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेले भाषण)



होळी झाली की आपल्याकडे माळ्यावरचे कूलर खाली येतात. ताट्या बदलायच्या, पंप बघायचा, मोटर फिरते का पाहायचे. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत आपले नाव बातम्यांत येते. त्या दिवसांत कूलर दुरुस्त करणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. हे काम मुलींनी शिकावे असे आम्ही ठरवले, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न आला, "पोरगी शिडीवर चढेल काय?" पोरगी शिडीवर चढली. अडचण आली ती पेटीपाशी. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

मी समाजकार्याचे शिक्षण घेतलेली बाई. रिंग पाना कोणता आणि अ‍ॅलन की कोणती, हे मला या मुलींनीच शिकवले. त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही.

आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केलेली ही मुलगी एका दुकानात लागली. अवजारे सगळी मालकाची. मेकॅनिक पुढे आणि ही मागून पेटी घेऊन. दोन उन्हाळे गेले तरी ती 'हेल्पर'च. मी विचारले, तू स्वतः काम का घेत नाहीस? म्हणाली, "माह्याजवळ पाना नाही बाई, कायनं करू?"

मग आम्ही अवजारांसाठी कर्जाची खटपट केली. इथे माझी चूक झाली. तिच्या कागदपत्रांवर अजून माहेरचे नाव होते, नवऱ्याची कागदपत्रे तयार होती, उन्हाळा तोंडावर होता. मी म्हटले, घेऊ त्याच्या नावावर, घर तर एकच आहे. कर्ज त्याच्या नावावर, बिले त्याच्या नावावर. हप्ते तिने फेडले. पुढे मारहाण सुरू झाली आणि एका रात्री ती लेकराला घेऊन माहेरी आली. पेटी सासरी राहिली. आम्ही आणायला गेलो तर दिराने बिल पुढे केले. "यावर कुणाचे नाव आहे, वाचा मॅडम." मी वाचले. ते नाव माझ्याच सल्ल्याने पडले होते.

तीन बैठका झाल्या आणि अर्धी पेटी परत आली. क्लॅम्प मीटर आणि गेज तोवर विकले गेले होते. त्या अर्ध्या पेटीवर तिने पुन्हा काम सुरू केले. म्हणूनच पहिल्या दिवशी काय लागते आणि कशावाचून तूर्त चालते, हे तिच्याइतके कुणाला कळत नाही. पुढची यादी तिची आहे.

पहिली वस्तू जिवासाठी. कूलरचा पत्रा, आत पाणी, पंपाची जुनी वायर आणि घराला अर्थिंग नाही. पाणी भरायला जाते ती बहुधा घरातली बाईच, आणि शॉक बसतो तोही तिलाच. म्हणून टेस्टर हवाच, पण टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे समजायचे नाही. मल्टिमीटरने तपासायचे. आधी प्लग काढायचा. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते, ती उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही. चांगले बूट, हातमोजे, चष्मा आणि उंचावर कमरेचा पट्टा, या वस्तू हौसेच्या नाहीत.

दुसरा गट रोजच्या हाताचा. स्क्रू ड्रायव्हरचा संच, पक्कड, नोज प्लायर, वायर सोलायचे कटर, रिंग पाने, एक अ‍ॅडजस्टेबल पाना, अ‍ॅलन की, इन्सुलेशन टेप, फिन साफ करायचा ब्रश, टॉर्च आणि थर्मामीटर. एवढ्यावर कूलरचे जवळजवळ सगळे काम आणि एसीची साफसफाई होते. त्यात क्लॅम्प मीटर आला की वायर न तोडता कॉम्प्रेसर किती करंट घेतो ते कळते. तो आकडा मशीनच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. ज्या दिवशी ती गिऱ्हाइकाला आकडा दाखवून बोलली, त्या दिवसापासून "तुमच्या मिस्त्रीला पाठवा" हे म्हणणे बंद झाले.

तिसरा गट गॅसच्या कामाचा. ट्यूब कटर, फ्लेअरिंग टूल, मॅनिफोल्ड गेज. इथे जुनी सेकंडहँड वस्तू घेताना जपायचे. आर-२२ या जुन्या गॅसपेक्षा आर-४१०ए आणि आर-३२ यांचा दाब दीडपटीच्या वर असतो, त्यामुळे जुने गेज आणि पाइप त्यांना चालत नाहीत. आर-३२ पेट घेऊ शकतो. नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा असणारा आर-६००ए तर सहज पेटतो. गॅस कोणता हे पट्टीवर वाचल्याशिवाय ज्योत लावायची नाही. गळती शोधायला दाब द्यायचा तो नायट्रोजनचा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचे सिलिंडर आणि रेग्युलेटर, ब्रेझिंगची टॉर्च, गॅसचा वजनकाटा या महाग वस्तू. रोज लागत नाहीत. या गटाच्या असाव्यात, वहीत नोंद करून आलटून पालटून न्याव्यात. पण हातातला पाना आणि मीटर गटाचा नको, घराचा नको, दुकानाचा नको. तो जिचा तिचाच हवा. कारण निघून यायची वेळ आली तर जे उचलून आणता येते, तेवढ्यावरच बाई पुन्हा उभी राहते.

कायदा काय म्हणतो? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पाहा. कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत काय जप्त करता येत नाही, त्याची यादी तिथे आहे. पहिल्या ओळीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. लगेच पुढच्या ओळीत कारागिराची अवजारे. मंगळसूत्राची ओळ बाईची आणि अवजारांची ओळ पुरुषाची, असेच आपण आजवर वाचत आलो. आता दोन्ही ओळी एकाच बाईच्या आहेत. याने कर्ज माफ होत नाही हे ध्यानात ठेवा. पण विनातारण कर्जाच्या वसुलीला आलेला माणूस पेटी उचलू लागला, तर तो अधिकार त्याला नाही.

दुसरे स्त्रीधन. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते नवऱ्याचे होत नाही. तो ते फक्त सांभाळणारा, आणि परत द्यायला नाकारले तर फौजदारी गुन्हा होऊ शकतो. मग आईबापांनी लेकीला भांड्यांच्या सेटऐवजी पान्यांचा सेट का देऊ नये? फक्त बिल तिच्या नावाचे घ्या. तिच्या कमाईची वस्तू तिचीच असते, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. हा धडा मी दुसरीच्या नुकसानीतून शिकले.

सरकारकडेही बोलायचे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख दुरुस्ती तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रमाणपत्र चांगलेच, पण प्रमाणपत्राने नट सुटत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण तिच्या १८ व्यवसायांत फ्रीज-एसी दुरुस्ती नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. अर्ज मात्र मुलीच्या नावाचा करा. कागदपत्रांवरचे नाव जुळत नसेल तर आधी ते जुळवा. त्यात उन्हाळ्याचा महिना गेला तरी चालेल.

आज घरी गेल्यावर एवढे करा. पेटीतल्या प्रत्येक वस्तूची वहीत यादी करा, मीटर आणि गेजचा नंबर उतरवून घ्या, अवजारावर नाव कोरा. बिलांची एक प्रत गटाच्या फायलीत ठेवा. कुलूप लावा. आणि घरातल्या कुणी "जरा पाना दे" म्हटले तर जरूर द्या, पण संध्याकाळी मागून घ्या.

ती मुलगी आज या सभेला नाही. तिला तीन कूलर आणि एका दवाखान्याचा फ्रीज बघायचा आहे. पेटी तिच्यासोबत आहे, आणि तिची बिले या वेळी तिच्याच नावाची आहेत.