जुनी व्हॅन आणि दहा मिनिटांचं ऑइल



बाहेर कडुनिंबाखाली माझी ओम्नी उभी आहे, 2003 ची. ही गाडी 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि 2019 मध्ये कंपनीने ती बनवणं थांबवलं. म्हणजे आज भद्रावतीत धावणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. शाळेची पोरं, बाजाराचा भाजीपाला, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं माणूस, सगळं या गाडीने वाहिलंय. तिचं तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं इंजिन आपल्या बेपर्वाईने जाऊ नये, म्हणून आज बोलायला उभा आहे.

नागपूर–चंद्रपूर रस्ता आपल्या गावावरून जातो. कोळशाच्या ट्रकांची ये-जा आहे, तशी दहा-पंधरा मिनिटांत ऑइल बदलून देणारी दुकानंही आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. रोजंदारी बुडवून दिवसभर गॅरेजात बसणं कुणाला परवडतं? पण नव्या गाडीला चालणारी घाई जुन्या गाडीला सोसत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी अशाच एका दुकानात ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं आणि वरोऱ्याकडे निघालो. नंदोरीच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. मी लगेच चावी फिरवली म्हणून इंजिन वाचलं. वाकून पाहिलं तर मागे डांबरावर काळी रेघ. जुना फिल्टर निघाला होता, पण त्याची रबरी रिंग उष्णतेने इंजिनाला चिकटून राहिली होती, आणि दुकानातल्या पोराने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत. दाब चढला की वरची सरकते आणि ऑइल बाहेर पडतं. तेव्हापासून मी काढलेला फिल्टर हातात घेऊन रिंग पाहतो. त्यावर नसेल तर ती इंजिनावर आहे.

दुसरी गोष्ट इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या नटाची. वीस वर्षांत तो कितीदा उघडला असेल! पान्याला पाइप लावून आवळला की आटे जातात, आणि मग साध्या वायसरऐवजी अख्खं चेंबर बदलावं लागतं. नट आधी हाताने फिरवायला सांगा. हाताने सरळ जात नसेल तर तो आडवा बसतोय.

ऑइलचंही तसंच. 20डब्ल्यू-40 मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. नव्या गाड्यांना 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल लागतं, कारण त्यांच्या इंजिनातल्या फटी त्यासाठीच बारीक ठेवलेल्या असतात. आपल्या झिजलेल्या इंजिनात ते टिकत नाही. दाब घटतो, धूर वाढतो. चंद्रपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या पुढे, त्यात कोळशाच्या ट्रकामागची धूळ. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ऑइल मागा आणि डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. ड्रममधून मापाने ओतलेलं घेऊ नका.

माप जास्त झालं तरी बिघडतं. ओम्नीत जवळपास तीन लिटर जातं. डबा साडेतीनचा असला तर उरलेलं घरी न्या, ‘टाकून द्या’ म्हणू नका. वाढीव ऑइल क्रँकच्या दांड्याने घुसळून फेसाळतं आणि जुन्या सिलमधून पाझरू लागतं. ऑइल भरण्याआधी पुढची सीट उचला, ऑइलच्या झाकणाभोवतीची काळी धूळ फडक्याने पुसा, मगच झाकण उघडू द्या. ऑइल भरून झालं की इंजिन दोन मिनिटं चालू द्या, बंद करा, थोडं थांबा, सपाट जागेवर डिपस्टिक बघा. दोन खुणांच्या मध्ये असलं की पुरे. मालक उभा आहे हे पाहून दुकानातली पोरंही नीट काम करतात, आणि त्यांना याचा राग येत नाही.

शेवटचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. काढलेलं काळं ऑइल जातं कुठे? आपल्याकडे ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासतात, उरलेलं नालीत ओततात. ते घातक कचऱ्यात मोडतं. पाण्यावर पसरतं, मातीत मुरतं. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. तेव्हा पुढच्या वेळी पैसे देताना दुकानदाराला नक्की विचारा: हे काळं ऑइल तुम्ही कुणाला देता? त्याने नालीकडे बोट दाखवलं, तर गाडी दुसऱ्या दुकानात न्या.